बोर्डावरची गाय

विद्यापीठात उपयोजित कला शिकत होते, तेव्हा एका दुष्काळी उन्हाळ्यात सुट्टीला चौसाळ्याला आले होते. गावच्या दूध संस्थेचा बोर्ड नव्यानं रंगवायचा होता. त्यासाठी गायीचं चिन्ह मी काढून दिलं, मोजून चार रेघांचं. वर्गात माझ्या अशाच कामाचं फार कौतुक झालं होतं.

रंगवायला आलेला पेंटर ठेंगणा होता. कानावर खडू आणि शर्टावर आजवरच्या सगळ्या बोर्डांचे रंग. थोडं काम झालं की तो रस्ता ओलांडून पलीकडं जायचा, बोर्डाकडं पाठ करायचा आणि एकदम गर्रकन वळून बघायचा. मग तिथंच टँकरसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायांना विचारायचा, "मावशी, काय दिसतंय?"

माझी गाय बघून एक म्हणाली, "झोपायची बाज हाय."

"बाज कशाची? शेळी हाय ती," दुसरी म्हणाली. सगळी रांग हसली.

"कमीत कमी रेघांत काढायचं असतं," मी चिडून म्हणाले.

त्यानं ब्रश रंगात बुडवला. "पोरी, रेघा लई झ्याक हायेत. पर कास कुठं हाय? दुष्काळ रानात पडलाय, बोर्डावर कावून आणतीस?" आणि एकाच फटकाऱ्यात त्यानं गायीला भरली कास दिली.

"आता गाय झाली!" रांगेतून आवाज आला.

पुढं परीक्षेत मी तीच गाय मांडली. सर म्हणाले, "एक रेघ जास्त झाली आहे. काढून टाक."

"शेपूट काढून टाकते, सर," मी म्हणाले. "कास राहू द्या."