दोन कोअरचा लॅपटॉप

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका जुन्या लॅपटॉपच्या दुकानदाराने मला फसवलं. कळमन्याच्या बाजारात हमाली करून पुढे मिरचीचा व्यापारी झालेल्या मला. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं.

मिरचीचं पोतं वरून लालभडक असतं आणि तळाशी पांढरी पडलेली मिरची, म्हणजे फटकी. हे मला कोणी शिकवलं नाही. कोपरापर्यंत हात घालून आणि डोळ्यांतून पाणी काढून शिकलो. दुसरी गोष्ट शिकलो ती गरज लपवण्याची. गिऱ्हाइकाच्या घरी लग्न आहे हे कळलं की भाव चढतो. म्हणून सौदा चालू असताना बोलणारा एकच असावा, सोबतच्या माणसाने तोंड उघडू नये. याच्या जोरावर मी घर बांधलं.

मुलीने संगणकावर घरांचे नकाशे काढायचा कोर्स केला होता, क्लासच्या मशीनवर. पुण्याच्या एका कंपनीने तिची नोकरीसाठी परीक्षा ठेवली. घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर, तीन तासांत एक बंगला उभा करून दाखवायचा. लॅपटॉप घेताना काय पाहायचं ते क्लासच्या सरांनी कागदावर लिहून दिलं. पहिलीच ओळ होती, प्रोसेसर कमीत कमी चार कोअरचा.

दुकानाच्या पायरीवर मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि न वाचताच घडी करून तिच्या पर्समध्ये कोंबला.

"काहून, बाबा?"

"कागद पाहिला का त्याले समजते, आपल्याले हेच पाहिजे. मंग तो कमी करीन का? तू चूप राहा. मी बोलतो."

दुकानदाराने तीन लॅपटॉप मांडले. एक जाडजूड आणि ओरखडे पडलेला होता, त्याच्याकडे मी पाहिलंही नाही. चकचकीत, पातळ होता तो उचलला. झाकण वाजवलं, बिजागरी हलवून पाहिली, एकेक बटण दाबलं. मग घासाघीस सुरू झाली. मी दोनदा उठून पायऱ्या उतरलो, दोनदा त्याने मागून हाक मारली. मधल्या वेळात मुलगी वाकून पडद्यावर काहीतरी वाचत होती.

"बाबा, याच्या आत—"

"तुले म्हटलं ना!"

दुकानातली माणसं वळून पाहू लागली. ती प्लास्टिकच्या स्टुलावर जाऊन बसली.

सौदा पक्का झाल्यावरच मी विचारलं, "पोरीले यावर घराचे नकाशे काढता येतीन ना?"

"काकाजी, ड्युअल कोअर आहे! एक नाही, दोन दोन कोअर. घोडा आहे घोडा. पळवा बिनधास्त."

दोन म्हणजे एकापेक्षा जास्त, एवढंच मला समजलं. स्कूटरवर घरी येईपर्यंत मी माझीच तारीफ करत होतो. ती मागे लॅपटॉपची पिशवी धरून बसली होती.

परीक्षेच्या दिवशी भिंती उभ्या राहिल्या. छत चढवायला घेतलं तसा आतला पंखा घरघरू लागला आणि पडदा पांढरा झाला. तिने बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा पांढरा. मी दारात उभा राहून "घाई नको करू" म्हणत होतो, जशी चूक तिचीच होती. तिसऱ्यांदा चालू होईपर्यंत वेळ संपला. बंगला बिनछताचाच गेला. दोन दिवसांनी नकार आला.

मी लॅपटॉप नेऊन दुकानदाराच्या काउंटरवर आपटला. "हा तुहा घोडा?"

"काकाजी, तुम्ही चार कोअर मागितलंच कुठं? तो जाडा होता ना, तो चार कोअरचा. तुम्ही हातही नाही लावला. अन् ताईले समजलं होतं. मी पाहून राहिलो होतो त्यांच्याकडे."

मी असा ओरडलो की शेजारचे दुकानदार धावत आले. लॅपटॉप त्याने परत घेतला नाही तो नाहीच.

घरी मुलगी मेथी निवडत होती. "तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

"सौद्यात बोलायचं नसते, बाबा."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो.

आता ती शहराबाहेर, वाडी भागातल्या एका गोदामात ट्रकच्या पावत्या फाडते. कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. दुसरा लॅपटॉप घेऊ म्हटलं तर ती नको म्हणते, आणि आजकाल माझ्यासमोर कशालाच हो म्हणत नाही. जेवताना मी काही विचारलं की मानेनेच उत्तर देते. तिला गप्प राहायला मीच शिकवलं आणि ती इतकं चांगलं शिकली.

माझ्या वाट्याची शिक्षा मी रोज त्या ताटावर बसून भोगतो. पण दुकानदार, तुमच्या वाट्याचं काय? ती काय वाचते आहे हे तुम्ही पाहिलंत. बापाने तिचं तोंड बंद केलं तेही पाहिलंत. दोन कोअरवर तिचं काम होणार नाही, हे त्या दुकानात फक्त तुम्हाला आणि तिला माहीत होतं. ती बोलू शकत नव्हती. तुम्ही बोलू शकत होता, आणि तुम्ही "पळवा" म्हणालात. काहून? मला नका सांगू. तिच्यासमोर उभे राहा आणि तिला उत्तर द्या.