शेळी खाते ते झाड

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते खाकरताना. नव्या घरात सामान लावून झालं होतं आणि मी मागच्या खिडकीशी जरा टेकले होते. कुंपणापलीकडे एक किरकोळ बाई हातात काठी घेऊन मोगऱ्यापासून चार हात लांब उभी होती. तिने घसा खाकरला, काठी जमिनीवर आपटली आणि झुडपाला म्हणाली, "येतेय हं मी. कोणी असाल तर निघा." मग जरा थांबून, तोंड बाजूला फिरवून तिने आत हात घातला आणि एक वाळकी फांदी ओढून काढली.

ती सापाला सूचना होती. त्या बागेत साप कधी कोणी पाहिलेला नव्हता, पण काकूंच्या मते तो होता, आणि न सांगता त्याच्या घरात शिरणं बरं नव्हतं.

त्यांचा जन्म गेला शिंप्याच्या दुकानात काजं करण्यात. सगळी गल्ली त्यांना काजवाल्या काकू म्हणे. नजर सुईची, जीव चिमणीचा. विजेचं बटण दाबताना डोळे मिटायच्या, पालीशीसुद्धा अहो-जाहो करायच्या, आणि मुलगा बस चालवायचा म्हणून बातम्या लागल्या की स्वयंपाकघरात निघून जायच्या. नवरा होता तोवर थट्टेने म्हणायचा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, हिच्यापाठी सगळं कुटुंब आहे त्याचं.

बाग मात्र देखणी. तगर, जास्वंद, अबोली, मोगरा. आळी अशी गोल, की काठाने टाके घालून घेतल्यासारखी. फाटकाशी गुलाबी कण्हेर होती, ती नवऱ्याच्या हातची. पूर्वी रस्त्यावरच्या शेळ्या फाटकातून माना घालून सगळं ओरबाडायच्या. कण्हेर लावल्यावर थांबल्या, कारण शेळी कण्हेरीला तोंड लावत नाही. हे काकू मला कौतुकाने सांगायच्या. का लावत नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. साऱ्या बागेत त्या एका झाडाजवळ त्या न खाकरता जायच्या. खाली मोकळं असतं, दिसतं सगळं, म्हणायच्या.

मुलगा-सून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. सून औषधांच्या दुकानात कामाला. त्यामुळे चार वर्षांची नात दिवसभर आजीकडे. काकू तिला बटण म्हणायच्या, कारण ती आजीच्या मागे सदा लावलेली. बटण जेवायला नाठाळ होती, तेव्हा काकूंनी भातुकलीत एक नियम घातला होता: ताटात वाढलेलं टाकायचं नाही, आणि कोणी विचारलं की "संपलं, छान होतं" म्हणायचं. खऱ्या जेवणातही त्याने दोन घास जास्त जात.

त्या दुपारी मी मोगऱ्याची फांदी मागायला गेले होते. काकू आत पाणी आणायला वळल्या. पायरीवर बटणाची पंगत मांडलेली होती. डब्यांची झाकणं म्हणजे ताटं, तगरीची फुलं म्हणजे भात. आणि भाजी म्हणून लांबट, जाड, हिरवीगार पानं तुकडे करून ठेवलेली. बटणाची बोटं चिकट होती. ती हनुवटी पुसत होती.

पानं कण्हेरीची होती. मी काकूंना हाक मारली आणि कण्हेर विषारी असते हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग तांब्या तसाच खाली ठेवला.

"बटण," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ही भाजी तू खाल्लीस?"

"संपलं," बटण म्हणाली. "छान होतं."

"खरं खरं खाल्लीस की खोटं खोटं?"

आजीचा चेहरा पाहून पोर घाबरलं. खोटं म्हटलं तर रागावतील असं वाटलं असावं. "खरं खरं," ती म्हणाली.

मी रिक्षा थांबवली. वाटेत काकूंनी तिला मांडीवर इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली, आणि ती रडतेय म्हणजे ठीक आहे असं मी म्हणाले, तर काकूंना ते ऐकूही गेलं नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी बटणाच्या छातीला तारा चिकटवल्या आणि विचारलं, बाळा, किती खाल्लंस? बटण म्हणाली, सगळं. आईने विचारलं तेव्हाही सगळं. जो कोणी विचारेल त्याला ती आजीने शिकवलेलं उत्तर देत होती, आणि प्रत्येक वेळी काकू भिंतीला आणखी चिकटत होत्या.

सून दुकानातून धावतच आली होती. ती रडली नाही, रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई, किती पानं?"

काकूंना ते सांगता येईना. विषाचं हृदयावर काय होतं ते सुनेला ठाऊक होतं. ती यंत्रावरची उड्या मारणारी रेघ बघत राहिली.

मग काकू मला म्हणाल्या, "बाई, घरी चला माझ्याबरोबर." मला वाटलं, त्यांना तिथे उभं राहवेना. पण पायरीवर पोचताच त्या मांडी घालून बसल्या, चष्मा पुसला, आणि झाकणातले तुकडे एकेक उचलून फरशीवर मांडू लागल्या. कडेला कड, शिरेला शीर; फाटलेलं कापड जुळवावं तसं. एक पान पुरं झालं. दुसरं झालं. शेवटच्या पानाचं सगळं अंग जुळलं, फक्त टोक नाही. नखाएवढं.

आम्ही पायरी शोधली, तगरीची फुलं उलटीपालटी केली, पंगतीला बसवलेल्या बाहुलीचं लुगडं उलगडून झटकलं. मुंग्यांची रांग होती, टोक नव्हतं. काकूंनी त्या रिकाम्या जागेवर करंगळी ठेवली आणि कितीतरी वेळ उचललीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. हे कळलं ते बरं झालं, म्हणाल्या, पण या झाडाच्या बाबतीत थोडं म्हणजे काही नाही असं नसतं. पोरीला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तारा काढल्या. ठोके एकदाही चुकले नव्हते. ते टोक बटणाच्या पोटात गेलं की मुंग्यांनी नेलं, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

कण्हेर काकूंनी स्वतः तोडली, मुळासकट, आणि खड्ड्यात पुरली. जाळू नका, धूरही वाईट, असं सुनेने मुलाबरोबर निरोप धाडला होता. त्या निरोपाखेरीज बरेच महिने तिकडून काही आलं नाही. बटणही नाही. काकू काठी न आपटता मोगऱ्यात हात घालायला लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, त्याने मला चावावं एवढंच उरलंय.

रोपवाटिकेत त्यांचा प्रश्न मात्र ठरून गेला. प्रत्येक रोपापुढे उभ्या राहून त्या माळ्याला विचारायच्या, "हे शेळी खाते का?" माळी म्हणायचा, काकू, लोक उलटं विचारतात. खात नसेल तर त्या पुढे जायच्या. ज्याबद्दल त्याला खात्री नव्हती तेही त्यांनी आपल्या बागेतून काढून टाकलं.

एका सकाळी सून आली. चहाही न घेता प्रत्येक झाडापाशी थांबत गेली, आणि शेवटी जास्वंदीजवळ उभी राहिली.

"हे सगळं शेळी खाते?"

"खाते," काकू म्हणाल्या. "मी बांधून आणली होती एक. माझ्या देखत खाल्लंय तिने."

सून हसली नाही, पण बसली. पुढच्या आठवड्यापासून बटण यायला लागली.

आता बटण शाळेतून थेट इथेच येते. आणि काकू दिवसभर फाटकाशी काठी घेऊन बसलेल्या असतात, कारण त्यांच्या बागेतलं सगळंच आता शेळ्या खातात.