साखळी काढल्यानंतरचे दोन दिवस

बासष्ट वर्षांची पोरगी होते मी तेव्हा. हसू नका. आता पंच्याहत्तरीला टेकलेय, आणि इथून मागं बघते तर ती बासष्टची बाई मला पोरच वाटते. आपल्याला सगळं कळतंय अशी खात्री असलेली पोर. नोकरी संपून चार वर्षं झाली होती, तरी तिच्या डोक्यातली शाळेची घंटा वाजायची थांबली नव्हती. साताऱ्याचं घर मुलाच्या हवाली करून आम्ही दोघं कुंडलच्या बाजूला, सासरच्या गावी राहायला आलो होतो, आणि आल्या आल्या मी गाव सुधारायचं काम अंगावर घेतलं होतं. गावानं काही मागितलं नव्हतं.

सकाळी पायात मुलानं आणलेले पांढरे बूट, डोक्याला स्कार्फ, अशा थाटात मी कॅनॉलच्या रस्त्यानं फिरायला निघायची. त्या रस्त्याला एक पोल्ट्री होती. शेडच्या मागं, भर उघड्यावर, जमिनीत पहार ठोकून तिला एक तांबूस कुत्रा साखळीनं बांधलेला असायचा.

खरं सांगायचं तर मला आधी कुत्रा दिसलाच नाही. जमीन दिसली.

कॅनॉलच्या पाझरानं तिथं बारमाही गवत. गुडघाभर. आणि त्या गवताच्या मधोमध एक गोल. कंपासनं काढावा इतका नेमका. आत काडी नाही, खडा नाही. पायांनी मळून मळून जमीन अशी गुळगुळीत झालेली, की माझ्या लहानपणचं, सुगीत शेणानं सारवलेलं खळं आठवावं. खळ्यात निदान चार बैल फिरायचे, मागं हाकणारा गडी असायचा. इथं एकट्या जिवानं, कुणी न हाकता, सहा वर्षं फिरून फिरून खळं मळलं होतं. काठाचं गवत कात्रीनं कापल्यासारखं सरळ उभं होतं. मी त्या कडेला गेले आणि का कोण जाणे, पायातले बूट काढावेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पातेलं आणि पाण्याची बाटली घेऊन गेले. दयाळूपणा भरपूर, धीर कमी. त्यामुळं पातेलं ठेवलं गोलाच्या बाहेर, हातभर लांब. कुत्रा आला आणि काठावर थांबला. जीभ बाहेर, डोळे पाण्यावर. मी पहिलीच्या वर्गातल्या आवाजात म्हटलं, "ये, ये, शहाणा ना तू?" तो हलेना. तेव्हा माझं लक्ष साखळीकडं गेलं. ती ताणलेलीच नव्हती. त्याच्या मागं चांगली दीड हात सैल पडली होती. एक पाऊल टाकलं असतं तर तोंड पाण्यात गेलं असतं. ते पाऊल त्यानं टाकलं नाही.

वाकून बघितलं तेव्हा कारण दिसलं. पिल्लू असताना घातलेला पट्टा तसाच होता. मान वाढली, पट्टा वाढला नाही. तो कातडीच्या आत गेला होता, वर दिसत होतं फक्त बकल, आणि त्याभोवती माश्या. हिसका बसला की काय होतं ते त्याला ठाऊक होतं, म्हणून साखळी संपायच्या आधीच तो थांबायला शिकला होता. मी काठीनं पातेलं आत सरकवलं. तो पाणी प्याला, मग रिकामं पातेलं चाटलं, आणि मग जिथं थेंब सांडले होते ती जमीन चाटली.

मी तशीच तडक शेडच्या पुढच्या बाजूला गेले. पोल्ट्रीचा मालक माझाच विद्यार्थी. नोकरीची पहिली दोन वर्षं मी याच गावात काढलेली. पुढं याच गावानं मला सून करून घेतलं आणि मग बदली झाली. तो चौथीतला पोरगा आता पन्नाशीकडं झुकला होता, मिशीत पांढरं आलं होतं. मला बघून त्यानं खांद्यावरचं खाद्याचं पोतं खाली टाकलं आणि पाया पडला.

"बाई, आज हिकडं कुटं?"

"तुझ्या कुत्र्याची तक्रार आणलीय."

"भुकला का काय तुमाला?"

"भुंकला असता तर बरं झालं असतं. मान बघितलीयस का त्याची?"

"त्याच्याजवळ कोण जातंय, बाई? भाकरी लांबनंच टाकतो. बारका व्हता तवा शेडात शिरून कोंबड्या मारल्या त्यानं, तवापासनं बांदलाय. पर आता लय शिस्तीत हाय बघा. रिंगणाच्या भायेर पाय टाकत न्हाई." मग मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "तुमचीच शिकवण की."

"माझी?"

"आवं, चौथीत मला खडूच्या रिंगणात हुबा केला न्हवता का?"

केला होता. आणि मी तो दिवस विसरले नव्हते, उलट जन्मभर मिरवला होता. त्या बाईंचं ध्यान काय सांगू! तेवीस वर्षांच्या, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, कराडहून एसटीनं यायच्या. वर्गापुढं उभ्या राहिल्या की स्वतःला शिक्षणाधिकारी समजायच्या. मारणं म्हणजे मागासलेपण, म्हणून बाईंनी आधुनिक शिक्षा शोधून काढली होती: फरशीवर खडूनं गोल काढायचा, पोराला आत उभं करायचं आणि बजावायचं, "मी सांगेपर्यंत पाय बाहेर पडता कामा नये." त्या दिवशी याला उभा केला, शाळा सुटली, आणि पाचची एसटी गाठायच्या घाईत बाई पर्स उचलून चालत्या झाल्या. अर्ध्या वाटेत आठवण झाली. 'जाईल की घरी,' असं म्हणून खिडकीतून उसाकडं बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी पोरगा बाकावर हजर, विषय संपला. पुढं साताऱ्यात शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा मी किती वेळा रंगवून सांगितला असेल! "असा दरारा होता माझा." सगळ्या हसायच्या. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"चुकलंच रे माझं," मी म्हटलं.

"जाऊ द्या वं बाई, चेष्टेनं बोललो." पण तो शेडच्या मागं गेला, लांबून का होईना मान बघून आला आणि त्यानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. तोंडावर पोतं टाकून आम्ही दोघांनी कुत्र्याला दाबून धरला आणि पट्टा कापून काढला. साखळी पहारीपाशी पडली. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "आता मानेला काही नको. पट्टा नको, दोरी नको. याला सावलीला न्या. उन्हात राहिला आणि जखमेत किडे पडले, तर हा आठवडा काढायचा नाही."

सावली दहा पावलांवर होती. कडुलिंबाचं मोठं झाड. आम्ही त्याला पोत्यात घालून तिथं नेऊन ठेवला. तो उठला, झोकांड्या खात परत गेला आणि गोलात, पहारीशेजारी, उन्हात जाऊन पडला. पुन्हा नेला, पुन्हा गेला. गोलावर ताडपत्री बांधली, तर तिच्या फडफडीला भिऊन दुसऱ्या कडेला सरकला. खोलीत कोंडला, तर दाराला मान घासून रक्त काढलं, सोडावाच लागला.

मग बाईंनी वर्ग हातात घेतला. काठापासून लिंबापर्यंत भाकरीचे तुकडे मांडले. ते कावळ्यांनी नेले. घरी मटण केलं आणि हाडं इकडं आणली. जेवताना ह्यांनी विचारलं, "रस्सा हाय, फोडी हायत, हाडं कुटं गेली?" शेवटी मी स्वतः गोलात उतरले आणि चालत बाहेर येऊन दाखवलं. एकदा नाही, तीनदा. कुत्रा माझ्याकडं बघत होता. मालक पोल्ट्रीच्या जाळीला टेकून बघत होता.

"बाई, फळ्यावर लिहून दावा आता," तो म्हणाला.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी कुत्र्यानं डोकं उचललं नाही. माश्या हाकलायलाही नाही. मी काठावर बसले होते. तेवढ्यात मालक खांद्यावर कुदळ घेऊन आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला.

"तुमी गेल्यावर मी घरी न्हवतो गेलो, बाई."

मी वर बघितलं.

"अंधार पडला. आय हुडकत आली. चल म्हनली. म्या म्हनलं, बाईनी अजून सांगितलं न्हाई. वढत न्हेलं तिनं दारापातूर; मी हात सोडवून परत जाऊन हुबा. दोन धपाटे घातले, तरी मी तितंच. मग ती खाली बसली, आन् पदरानं समदा खडू पुसून काडला. बोटभर रेघ ठिवली न्हाई. मग म्हनली, दाव बरं आता, कुटं हाय तुजं रिंगण?"

"मग?"

"मग काय, न्हवतंच की. गेलो घरी."

त्यानं कुदळ घातली. ठण्ण आवाज झाला. जमीन फरशीसारखी टणक होती. मी बसूनच राहिले होते. शाळेची पायरी न चढलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढं फरशीवर उकिडवी बसून खडू पुसत होती. पस्तीस वर्षं मी शिकवलं, बालमानसशास्त्राच्या शिबिरांना जाऊन प्रमाणपत्रं आणली, आणि पोराला ओढायचं नाही, रेघ पुसायची, हे मला कधी सुचलं नव्हतं.

मी पांढरे बूट काढले आणि खुरपं मागून घेतलं.

तो बाहेरून आत खणत आला. मी काठाचं गवत मुळासकट काढून ढेकळांवर पसरत गेले. त्यानं पहार उपटली आणि लांब फेकली. पाइप लावून सगळ्यावर पाणी सोडलं. कुत्रा आमच्याकडं बघत होता आणि कुदळ जवळ आली की तेवढाच सरकत होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिथं नुसता एक खणलेला, ओला तुकडा होता. कोपरा नाही, कड नाही.

कुत्रा उठला. रोजच्या जागी, जिथं काठ असायचा तिथं आला, नाक खाली घातलं आणि हुंगत राहिला. डावीकडं गेला, उजवीकडं आला. काठ शोधत होता. मग त्याचा पुढचा पाय गवतात पडला. त्यानं तो चटकन उचलला, भाजल्यासारखा, आणि पायाकडं बघितलं. पुन्हा टेकवला. दुसरा टाकला. गवत त्याच्या पोटाला लागलं, तसा तो थबकला, अंगावरून एक शहारा गेला, आणि मग तो चालायला लागला. सरळ. सहा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ रेषेत चालत होता, आणि ते जमतंय का हे बघत बघत चालल्यासारखा चालत होता. देवळातसुद्धा माझे हात इतक्या आपोआप जोडले गेले नव्हते कधी.

लिंबाखाली जाऊन त्यानं एक गिरकी घेतली आणि अंग टाकलं.

दुपारी डॉक्टर आले. पोतं काढून म्हणाले, "धरा बघू." आम्ही दोघं पुढं सरसावलो. डॉक्टरांनी जखमेला हात लावला, आणि कुत्र्यानं हनुवटी उचलून मान पुढं केली.

"ऱ्हाऊ दे वं," माझा विद्यार्थी हळूच म्हणाला, "नका धरू."

जखम धुऊन होईपर्यंत कुत्रा तसाच मान वर करून बसला होता.