एकतिसावा

आमच्या बागेतलं हास्यमंडळ एवढं दणदणीत हसतं की समोरची टेकडी आजवर दोनदा मागे सरकली आहे. काल आमचे म्होरके अण्णा चौथऱ्यावरून ओरडले, "जोड्या करा! समोरासमोर हसायचं!" खाली आम्ही एकतीस जण. मी उरलो. "बरं, तीन-तीनचे गट!" पुन्हा मीच. "पाच-पाच!" तरी मीच.

"नाना, तुमचं नशीबच वाकडं," मालतीबाई म्हणाल्या.

"नशीब कसलं? एकतीस ही मूळ संख्या आहे, बाई! एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही."

मग मी त्यांना कोट्यवधी अंकांच्या मूळ संख्येची गोष्ट सांगितली. ती एका ओळीत लिहिली तर ओळ चंद्रावर चहा पिऊन परत येते. एवढी अवाढव्य, तरी तिला भाग म्हणून जात नाही. सगळे हसले. ती संख्या संध्याकाळी एकटी जेवायला बसते तेव्हा तिला कसं वाटतं, ते मी सांगितलं नाही.

आमची ही होती तोवर आम्ही बत्तीस होतो. जोडी ठरलेली असायची. आता मी घरीच बसलो तर उरतील तीस, आणि तिसाला दोन, तीन, पाच, सगळ्यांनी भाग जातो. मी चपला घातल्या.

"कुठे निघालात?" अण्णा चौथऱ्यावरून खाली आले. "मला मोजलंत का?"

आम्ही त्यांना कधीच मोजलं नव्हतं. ते माझ्यासमोर उभे राहिले.

"हसा, नाना."

मी हसलो. टेकडी जागची हलली नाही.