एकदाच विचारतात

न्हावऱ्याहून आम्ही दोघी जावा नेदरलँड्सला गेलो, त्या बारा दिवसांत मी जेवढी हसले तेवढी लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत हसले नसेन. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्यांची लेक तिकडं नोकरीला आहे. "आई एकटी यायची नाही, काकू, तुम्ही पण चला," म्हणून तिनं दोघींची तिकिटं काढली. गोठ्यातल्या अकरा गाई घरच्या पुरुषांच्या गळ्यात घातल्या आणि साडीखाली बूट चढवून आम्ही निघालो.

पोचल्यावर पुतणीनं विचारलं, "काय काय बघायचं?"

अक्का म्हणाल्या, "गाई."

"अगं, फुलांच्या बागा आहेत, कालवे आहेत..."

"कालवा हाय की आपल्याकडं. गाई दाव."

शेवटी तिनं एका शेतकऱ्याच्या बायकोला फोन करून आठवडाभर आधी वेळ ठरवली: दुपारचे साडेतीन. आम्ही आगगाडीनं गेलो आणि दहा मिनिटं लवकर पोचलो, तर पुतणी फाटकाबाहेरच थांबली. वेळेआधी आत गेलेलं इथं बरं दिसत नाही म्हणे.

"गोठ्यात जायला बी मुहूर्त लागतो व्हय?" अक्का म्हणाल्या. आमचं हसणं सुरू झालं ते तिथंच.

आत गाई आपापल्या पायांनी येऊन यंत्रात उभ्या राहत होत्या. यंत्र धार काढायचं आणि गाय निघून जायची. ना कुणी हाक मारत होतं, ना कुणी पाठीवरून हात फिरवत होतं. "आपली तांबडी आसती तर यंत्र लोळवून बाहेर आली आसती," अक्का माझ्या कानात म्हणाल्या. मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, वास मात्र थेट घरचा. मी मूठभर उचलून हुंगला, तशी ती शेतकरीण खूश झाली आणि आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

नेमका तेव्हाच पुतणीला ऑफिसचा फोन आला आणि ती अंगणात गेली. बाईनं कॉफी ठेवली आणि सफरचंदाचा केक पुढं केला. दालचिनीचा असा वास सुटला होता की काय सांगू! सकाळी दोन पोळ्यांवर निघालेल्या आम्ही. पण रीत म्हणजे रीत. अक्कांनी हात हलवून "नको, नको" केलं. मीही केलं.

बाई हसली, "ओके" म्हणाली आणि ताट उचलून पार ओट्यावर नेऊन ठेवलं. वर झाकणही घातलं.

आम्ही दोघी त्या झाकणाकडं बघतच राहिलो.

"आगं, ही परत इचारणार न्हाई का?" अक्का पुटपुटल्या.

"विचारंल की. कॉफी संपू द्या."

कॉफी संपली. पुतणी आत आली. बाईनं तिलाही एकदाच विचारलं, ती पट्कन "हो" म्हणाली आणि आमच्यासमोर बसून मोठा तुकडा खाऊ लागली. अक्का अगदी गोड चेहरा करून मराठीत म्हणाल्या, "पोरी, तिला म्हणावं, म्हाताऱ्या मानसांना परत एकदा इचार."

मला ठसका लागला. कॉफी नाकात गेली. पुतणीनं डोक्याला हात लावला आणि बाईला सगळं सांगितलं, की आमच्याकडं पहिली दोन "नको" धरायचीच नसतात.

बाईचे डोळे मोठे झाले. तिनं काहीतरी विचारलं. पुतणी म्हणाली, "ती विचारतेय, मग खरंच नको असेल तर काय म्हणता?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. याचा विचार कधी केलाच नव्हता! अक्का उठल्या, रिकामी ताटली ठेवली, तिच्यावर दोन्ही हात आडवे धरले आणि वर अख्ख्या ओणव्या झाल्या. "आसं. तरीबी वाढत्यात."

बाईनं ताट उचललं आणि "नको? नको?" करत अक्कांच्या मागं लागली. अक्का ताटली छातीशी धरून टेबलाभोवती पळू लागल्या. साठीची बाई, पदर खोचून! दाराशी शेतकरी मामा येऊन उभे राहिले. बायकोनं त्यांच्यासमोरही केक धरला. त्यांनी नुसती नको म्हणून मान हलवली, तर तिनं सरळ त्यांच्या हातावर दोन तुकडे ठेवले. ते बिचारे मुकाट्यानं खाऊ लागले. आम्ही तीन-तीन खाल्ले.

परतीच्या गाडीत आम्ही बसलो तो डबा नेमका शांततेचा निघाला. काचेवर तोंडावर बोट ठेवल्याचं चित्र. माणसं पुस्तकं वाचत होती. मी अक्कांकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. अक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मात्र माझ्या तोंडून जो आवाज फुटला तो म्हशीलाही लाजवेल असा होता. समोरच्या गृहस्थांनी काचेकडं बोट दाखवलं. त्यानं तर अजूनच वाढलं. पुतणी लाल होऊन दोन रांगा पलीकडं जाऊन बसली, पण तिचे खांदेही हलताना दिसत होते.

आमचं स्टेशन मागं पडलं. पुढच्या स्टेशनावर उतरलो. फलाटावर गार वारं होतं आणि आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

"घरी पण तुम्ही दोघी अशाच असता?" पुतणीनं डोळे पुसत विचारलं.

अक्का पदर सारखा करत होत्या. "घरी कवा?" त्या म्हणाल्या. "घरी ही गोठ्यात आसती तवा मी चुलीपाशी, आन् मी गोठ्यात आसते तवा ही." मग माझा हात धरून त्यांनी मला बाकावर बसवलं. गाडीला अजून वीस मिनिटं होती.