कुंकवाच्या टिकल्यांचं कॅलेंडर

“मॅडम, तुमच्या साइटनं आमच्या आईंना एकाच संध्याकाळी दोन घरांत पाठवलंय.”

वैशालीचा फोन आला, तेव्हा मी चहाचा पहिला घोट घेत होते. तो कप तसाच राहिला.

आई म्हणजे तिच्या सासूबाई, हिरामावशी. मावशी धवलारीण. आमच्या भिवंडीकडे आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाऊन पार पाडणारी बाई, ती धवलारीण. हल्ली लोक स्पीकरवर रेकॉर्डिंग लावून मोकळे होतात. मावशींचा आवाज घरात बसून राहतोय, याचं वैशालीला फार वाईट वाटायचं. जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगची ड्युटी करून ती माझ्याकडे वेबसाइट करून घ्यायला आली होती.

साधं एक पान पुरलं असतं. फोटो, आवाज, फोन नंबर. पण मला नुकतंच एक बुकिंगचं प्लगइन आवडलं होतं. प्लगइन म्हणजे साइटला वरून जोडायचा तयार भाग. गिऱ्हाइकानं कॅलेंडरवर मोकळी तारीख निवडली, की कन्फर्मेशनचा मेसेज आपोआप जातो. झोकात दिसायचं. खरं सांगते, ते सॉफ्टवेअर मी मावशींसाठी नाही, माझ्या हौसेसाठी निवडलं होतं.

मावशी बुकिंग कसं घेतात, हे मात्र मी विचारलंच नव्हतं. लग्नघरचं माणूस सुपारी घेऊन येतं. मावशी सुपारी घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाची टिकली लावतात. झालं. त्या तारखा रोज साइटवर भर, असं मी वैशालीला बजावलं होतं. त्या आठवड्यात तिची डबल ड्युटी लागली. पूर्ण्याच्या एका घराच्या सुपारीची टिकली भिंतीवर लागली, साइटवर ती तारीख भरायची राहिली. अंबाडी गावातल्या एका घरानं तीच तारीख मोकळी बघून निवडली.

मी धावतपळत मावशींकडे गेले. चांगला ओरडा बसेल असं वाटलं होतं. त्यांनी पाणी दिलं.

“मशीनला सुपारी कशी कलंल, बाय?” त्या म्हणाल्या. “पन चालीस वर्सांत माजा शबूद खाली पडला न्हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंबाडीला फोन करून माफी मागते म्हटलं, तर मावशींनी मान हलवली. असलं फोनवर सांगायचं नसतं. मी माझ्या स्कूटरवर त्यांना घेऊन निघाले. वाडा रोडच्या खड्ड्यांत त्या माझा खांदा घट्ट धरून बसल्या होत्या.

अंबाडीला मुलीचे वडील वैतागले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मेसेज आमच्याकडे आहे, असं म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यांचं बरोबरच होतं. मावशींनी वाद घातला नाही. त्या मुलीच्या आजीशेजारी जाऊन बसल्या आणि हळू आवाजात हळदीचा धवला म्हणू लागल्या. आजींनी डोळ्याला पदर लावला. माझंही काही वेगळं नव्हतं.

धवला संपल्यावर मावशी म्हणाल्या, “पूर्ण्याची सुपारी आधी घेतली हाय. तुमची हळद एक दिस आधी लावा. मी सकालपासून येते.”

आजींनी आपल्या मुलाकडे, मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. “लाव एक दिस आधी. पोरगी जरा जास्त पिवली व्हईल, त्यात काय?”

घरात हसू फुटलं. वडिलांनी मोबाइल खिशात टाकला. आजींनी आतून सुपारी आणून मावशींच्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर मावशींनी आधी कॅलेंडरवर टिकली लावली आणि मग चपला काढल्या. मी त्या पानाचा फोटो काढला. त्याच दिवशी प्लगइन उडवलं आणि तिथे तो फोटो टाकला. खाली धवल्याचं रेकॉर्डिंग आणि फोनचं बटण. टिकली दिसली की तारीख गेली, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. नवी टिकली लागली की वैशाली फोटो पाठवते, मी बदलते. दोन्ही हळदी झाल्या. मावशींचा सीझन भरला.

आता नवं काम आलं, की सॉफ्टवेअरचं नाव काढायच्या आधी मी क्लायंटच्या घरी जाते आणि त्याच्या भिंतीवर काय टांगलंय ते बघून येते.