ऐनावरचं खोकं आणि खुंटीवरचा कोट

मी जन्मात एकच घर स्वतःच्या हातानं बांधलं, आणि ज्यांच्यासाठी बांधलं ते त्यात राहायला आले नाहीत.

घर चिमणीचं. माणसाच्या घराला सुतार लागतो, गवंडी लागतो. चिमणीच्या घराला एक मूर्ख पुरतो, आणि तो आमच्या घरात आयताच होता.

हे लिहायला बसलो त्याचं कारण, मला हल्ली बसवत नाही. आमची जनी जाऊन वर्ष होईल आता. तेव्हापासून ओटीवर बसलो की परसात जावंसं वाटतं, परसात गेलो की आत काहीतरी राहिलंय असं वाटतं, आणि आत गेलो की काही नसतं. दिवसातून वीस खेपा. सून वैतागली. म्हणाली, "मामा, एका जागी बसून कायतरी लिवा तरी." माझी शाळा तिसरीपर्यंत. (चौथीत मी गुरुजींना नको होतो आणि गुरुजी मला नको होते, दोघांचं जमलं.) तरी वही घेतली. हे लिहितानाही मधे दोनदा उठून आलोय, तेव्हा गोष्ट जरा इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची वर्षं. आमचं गाव शहापूरच्या पलीकडे, तानशाच्या रानाच्या अंगाला. जनीचं माहेर मुरबाडकडचं. दिवाळीनंतर ती नांदायला आली आणि आली ती गप्पच. कामाला वाघीण, पण तोंडातून शब्द नाही. आय म्हणायची, "सून चांगली हाय, पण जागी हाय की झोपलेली, कळत नाय." शिमगा आला तरी मी तिला एकदा हसताना बघितलं नव्हतं. आता नवऱ्याकडे बघून बायकोला हसू येऊ नये, असा काही मी देखणा नव्हतो. उलट हसण्यासारखं पुष्कळ होतं. तरी नाही.

त्यात चैत्रात तिचा भाऊ गोमा तिला माहेरी न्यायला येणार होता. शेजारच्या पाड्यात अशीच एक पोरगी माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. आमचा बा मनातलं तोंडावर आणणारा माणूस. जेवता जेवता म्हणाला, "ही गेली की येत नाय. लिहून ठेव." मला लिहिता येत होतं तेवढं, पण लिहून ठेवलं नाही. ताटावरून मात्र उठलो.

मी धीर करून तिला विचारलं, "काय गो, तुला हितं काय कमी हाय?"

बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरात चिमण्या हाईत. हितं नायत."

एवढंच. आणि खरंच नव्हत्या. बा चिमणी दिसली की काठी घेऊन मागे लागायचा. भात खातात, देवावर काड्या टाकतात, कौलं हलवतात, असे तिच्यावर सतरा आरोप. घरात चिमणी चालणार नाही हे नक्की. मग मी म्हटलं, घरात नाही तर घराबाहेर. तिला वेगळं घर बांधून देऊ!

शहापूरच्या बाजारातल्या एका दुकानदाराकडून घासलेटच्या डब्यांचं रिकामं खोकं आणलं. खिळे नव्हते. बैलाच्या पायाला पत्री मारतात त्यातले उरलेले खिळे होते, ते ठोकले. ते निघाले लांब. बाहेरून घर झकास दिसत होतं आणि आत चारी बाजूंनी टोकं. जनीनं वाकून आत बघितलं. "घर हाय का करवंदीची जाळी?" म्हणाली. नांदायला आल्यापासून तिचं हे सर्वांत लांब बोलणं. मी इतका खूश झालो की सगळे खिळे काढून परत ठोकले.

मग दार. चिमणीला दार केवढं लागतं हे कोणाला माहीत? मी माझ्या मुठीच्या मापानं भोक पाडलं. बा ओटीवर तंबाखू मळत बसला होता. म्हणाला, "बरोबर हाय. आधी चिमणी जाईल, तिच्या मागनं मांजर जाईल, मांजराला काढायला तू जाशील." शेवटी नारळाची करवंटी घेतली, तिला बारीक भोक पाडलं आणि ती त्या भोकावर बसवली. आता ते खोकं डोळे फाडून कोणाकडे तरी बघतंय असं दिसायला लागलं. आमची म्हैस पहिल्या दिवशी त्याला बुजली.

बुजली तीही दुसऱ्या दिवसापर्यंतच. गोठ्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला खोकं टांगलं, तर तिनं पाठ खाजवायला तेच पसंत केलं. दोन वेळा पडलं. मग आंब्याला बांधायला गेलो. बा ओरडला, आंब्याला दोर आवळलास तर मोहोर गळंल. फणसाकडे वळलो तर आय आडवी आली, फणसाखाली तिची वाळवणं असायची, आणि चिमण्या वरून काय काय टाकतील ते तिनं मला नीट समजावून सांगितलं. उंबराला हात लावायची सोय नव्हती, तिथं देव. परसात बांबू रोवून त्याच्या शेंड्यावर बसवलं, तर वाऱ्यानं घर गरागरा फिरायला लागलं. चिमणी दार शोधेपर्यंत दार परसाच्या दुसऱ्या टोकाला!

उरला बांधावरचा ऐन. परसाच्या कडेलाच आमची रोपाची जागा होती आणि तिच्या बांधावर हा ऐन. माघात टहाळ तोडून त्याला बोडका केलेला, वर नुसती बेचकी. बा काही बोलला नाही, आय काही बोलली नाही. एवढ्या पटकन परवानगी मिळाली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मला संशय नेहमी नंतर येतो.

खोकं त्या बेचकीत बसवलं आणि सुंभानं असं आवळलं की बैल सुटला असता पण खोकं नाही. खाली उतरलो. खाली राब पसरलेला होता.

राब म्हणजे काय ते आमच्या भागात नसलेल्यांना सांगतो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी शेण, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ, वर गवत आणि माती, असे थर देतात आणि चैत्रात पेटवून देतात. जमीन भाजली की रोप जोमानं येतं. दर साली, दर शेतात. लहानपणापासून इतका बघितलेला की बघूनही दिसत नाही. मी त्याच्यावरून चालत घरी आलो. ज्या ऐनाचे टहाळ, त्याच्याच बुंध्यापासून चार हातांवर राब, आणि वर माझं चिमणीचं घर. हे सगळं मला माहीत होतं, फक्त एकदम माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी चिमणा-चिमणी खोक्यावर येऊन बसली. चोचीत काडी! मी धावत स्वयंपाकघरात. "जने, आली." ती म्हणाली, "व्हय." त्यानंतर रोज मी तिला बातमी द्यायचो. आज दोन काड्या नेल्या. आज चिमणा नुसता बसून होता, माझ्यासारखा. आज आत गेली असावी, दिसत नाही. आता अंडी असतील. आता पिलं असतील. ती रोज म्हणायची "व्हय", आणि पदराआड तोंड करायची. मी म्हटलं, लाजते. माणूस आपल्यापुरता हुशारच असतो.

आणि एक गोष्ट. माझ्याकडे लग्नातला काळा कोट होता. शहापूरच्या शिंप्यानं शिवलेला, माजघरात खुंटीला टांगलेला. त्या दिवसांत जनी त्या कोटाला मला हात लावू देईना. भावकीत हळद होती, मी कोट काढायला गेलो तर म्हणाली, "नको. घाम लागंल." आय झाडायला गेली तर हिनं झाडू काढून घेतला. मी मनात फुललो. म्हटलं, बोलत नाही, पण माझ्या कोटावर हिचा जीव आहे. लग्नातली आठवण आहे ती.

गोमा यायचा दिवस उजाडला. मेव्हण्यासमोर कोटात उभं राहावं म्हणून मी खुंटीकडे गेलो. जनी मधे उभी. "कोट नको."

"अगो, तुझा भाव येतोय."

"भाव मला न्यायला येतोय. तुमच्या कोटाला नाय."

तेवढ्यात धुराचा वास आला. परसात येऊन बघतो तर बानं राब पेटवलेला. वारा बरोबर होता, दिवस बरोबर होता, त्यानं पेटवला. धुराचा खांब सरळ ऐनावर, आणि त्या धुरात करवंटीचा डोळा वटारून माझं खोकं.

मी धोतर खोचलं आणि पळालो.

"बा, इझव!"

"राब पेटला की इझवत नाय," बा म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

मी पलीकडच्या अंगानं ऐनावर चढलो. खालून बुंधा तापलेला, वरून डोळ्यांत धूर. वर पोचलो आणि लक्षात आलं की माझ्या गाठी मला सुटत नाहीत. बोटांनी नाही, दातांनी नाही. नेमका त्याच वेळी गोमा बैलगाडी घेऊन बांधावर आला. त्याला काय दिसलं असेल? बहिणीचा सासरा शांतपणे राब भाजतोय, आणि बहिणीचा नवरा वर बोडक्या झाडावर धुरात बसून सुंभ चावतोय.

गोमा बैलांसकट थांबला. माझ्या बाला म्हणाला, "ह्यांचं काय चाललंय?"

बा म्हणाला, "रोज कायतरी असतंच."

शेवटी सुंभ तुटला. खोकं छातीशी धरलं आणि उतरायला लागलो, तर करवंटीतून लाल मुंग्या बाहेर यायला लागल्या. एक नाही, दोन नाही, अख्खं गाव! माघात ऐन तोडला तेव्हा पानांतलं त्यांचं घर गेलं होतं. मी त्यांना नवं बांधून दिलं होतं, वर सुंभानं पक्कं करून. मानेत गेल्या, कानात गेल्या, धोतरात गेल्या. खालून गोमा सांगतोय, भावजी, टाका ते खाली. कसं टाकणार? आत पिलं! मी "पिलं हाईत, पिलं हाईत" करत, एका हातानं खोकं आणि दुसऱ्यानं झाड धरून, गाल खांद्यावर घासून मुंग्या पुसत खाली आलो. खरं सांगायचं तर शेवटचे चार हात आलो नाही, पडलो. खोकं वर, मी खाली. घर शाबूत!

सगळे जमले. माझं तोंड काळं, ओठ सुजलेले, भुवया अर्ध्या. जनी पुढे आली. "खाली ठेवा," म्हणाली. काठीनं तिनं खोक्याची फळी उचकटली.

आत एक काडी नव्हती. नुसत्या मुंग्या.

मी मग खालीच बसलो. मला त्या क्षणी वाटलं, संपलं. ही आता गाडीत बसणार आणि बाचं खरं होणार.

आणि जनी हसली. आधी पदरात, मग पदर सुटला आणि मोठ्यानं. हसता हसता बांधावर बसली. तिच्या भावानंही तिला इतकं हसताना बघितलं नसावं, तो तोंड उघडं टाकून उभा. बैलसुद्धा बघायला लागले.

मग तिनं माझं मनगट धरलं (सगळ्यांच्या देखत!) आणि मला माजघरात नेलं. खुंटीवरच्या कोटाचा खिसा बोटानं जरा बाजूला केला. आत गवत, माझ्याच पागोट्याचे दोन धागे, आणि तीन उघड्या चोची.

"पंधरा दिस झालं," ती म्हणाली.

"मग सांगितलंस का नाय?"

"तुमी रोज येऊन सांगायचा, ऐनावर आत गेली म्हणून. तुमचं तोंड बघून मला बोलवंना."

म्हणजे माझ्या कोटावर तिचा जीव होता तो असा. खिशापुरता.

बाहेर येऊन तिनं भावाला सांगितलं, "दादा, तू जा. आता येत नाय मी."

गोमा म्हणाला, "मग कदी येऊ?"

"पिलं उडाली की. आनि ह्यांची सूज उतरली की. जे मागनं व्हईल तवा."

सूज मागाहून उतरली. ती वैशाखात गेली आणि आठव्या दिवशी आपण होऊन परत आली. आणि चिमणीच्या मागे काठी घेऊन धावणारा माझा बा, पिलं उडेपर्यंत माजघरातून पाय न वाजवता जायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, गुडघा दुखतोय.

पुढे जनीनं ही गोष्ट आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली. माझ्या व्याह्यांनाही सांगितली, सोयरीक ठरायच्या आधी. दर वेळी मुंग्या वाढायच्या. मी चिडायचो. म्हणायचो, पुरे कर. आता वर्ष होत आलं, कोणी सांगत नाही. म्हणून मीच लिहिली, आणि मुंग्या तिच्याएवढ्याच धरल्यात, कमी केल्या नाहीत.

कोट अजून खुंटीला आहे. डावा खिसा फाटला, उजवा धड आहे, आणि यंदा त्यात पुन्हा जोडी आली. गेल्या पंधरवड्यात नातलगात लग्न होतं. सून म्हणाली, मामा, कोट घाला, बरं दिसंल. मी खुंटीपुढे आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, "नको. घाम लागंल." लग्नात सदऱ्यावर गेलो. लोकांनी विचारलं, म्हातारबा, कोट कुठाय? म्हटलं, भाड्यानं दिलाय.

आणि बसवत नाही म्हणून हे लिहिता लिहिता मधे मी एक नवं खोकंही बनवलं. या वेळी खिळे आखूड, भोक बेताचं, राबापासून लांब, सगळं नीट. जांभळीला बांधलं. आज सकाळी जाऊन बघितलं. मुंग्या लागल्यात.

म्हणजे हात अजून बिघडलेला नाही!